१,५०,००० डॉलर की ८५,००० युरो? दोन देशांतल्या ऑफरची तुलना नेमकी कशी करायची?

बॅकएंडवाला (प्रश्न)

दोन ऑफर आहेत. पहिली सिअ‍ॅटलची: बेसिक १,५०,००० डॉलर, वर चार वर्षांत मिळून १,२०,००० डॉलरचे आरएसयू (टप्प्याटप्प्याने मिळणारे कंपनीचे शेअर), एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी नोकरी गेली तर एकही शेअर नाही). दुसरी म्युनिकची: ८५,००० युरो, शेअर नाहीत, ३० दिवस रजा. कुटुंब तिघांचं, मूल दोन वर्षांचं, सुरुवातीला कमावणारं एकच माणूस.

आकडे शेजारी ठेवले तर सिअ‍ॅटल सरळ पुढे दिसतं. पण युरोपात राहणीमान चांगलं, असं सगळेच म्हणतात आणि ते किती पैशांच्या बरोबरीचं हे कोणी सांगत नाही. कर, विमा, रजा, व्हिसा हे सगळं एका कागदावर आणायचं तर कुठले रकाने करावेत? ऑफर लेटरमध्ये न दिसणारं काय तपासावं?

जमाखर्च

आधी चलनाचं. बहुतेक जण इथेच घसरतात. संपूर्ण पगार विनिमय दराने बदलून बघणं चूक आणि संपूर्ण पगार पीपीपीने (दोन्हीकडच्या किमती बघून काढलेल्या खरेदीशक्तीच्या दराने) बदलणंही चूक. जो पैसा त्याच देशात भाडं, प्रवास, खाण्यापिण्यावर खर्च होणार त्याला पीपीपी लावा, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो की त्या पैशात तिथे काय येतं. जो शिल्लक राहून पुढे दुसऱ्या देशात जाणार किंवा गुंतवला जाणार त्याला विनिमय दर. म्हणून आधी शिल्लक काढावी लागते, आणि त्याआधी हातात येणारा पगार.

म्युनिक, २०२५ च्या नियमांनी. पेन्शन १८.६ टक्के आणि बेकारी विमा २.६ टक्के, दोन्हींचा निम्मा वाटा तुमचा. आरोग्य विमा १४.६ टक्के अधिक विमा संस्थेचा जादा हप्ता, तोही निम्मा. मात्र आरोग्य विम्याची कपात वर्षाला ६६,१५० युरोपर्यंतच्याच पगारावर होते, त्यावरच्या पगारावर नाही. आयकर घराच्या रचनेवर ठरतो. जोडीदाराचं उत्पन्न नसेल तर टॅक्स क्लास ३ (पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा जर्मन गट) मिळतो आणि ८५,००० पैकी साधारण ५७ ते ५८ हजार हातात येतात. तोच पगार एकट्या माणसाला, क्लास १ मध्ये, ५० हजारांच्या आसपास. ऑनलाइन कॅल्क्युलेटर मुळात क्लास १ धरून चालतात, म्हणून कुटुंबवाले उगाच घाबरतात. वर मुलामागे महिना २५५ युरो किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता. जोडीदार कमवू लागला की त्याला क्लास ५ लागतो आणि त्याचा पगार फारच कापलेला दिसतो. तो निव्वळ आगाऊ कपातीचा भाग आहे. वर्षअखेरच्या विवरणपत्रात दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. हवं तर दोघांनी क्लास ४ घ्यावा.

सिअ‍ॅटल. वॉशिंग्टन राज्यात पगारावर आयकर नाही. पूर्ण वर्ष तिथे राहून पती-पत्नींनी एकत्र विवरणपत्र भरलं आणि ४०१(के) मध्ये (कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं, त्यात टाकलेल्या रकमेवर तूर्त आयकर नाही) २०२५ च्या मर्यादेइतके २३,५०० डॉलर टाकले, तर बेसिकवर फेडरल कर सुमारे ११,००० बसतो. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) मिळून ७.६५ टक्के, म्हणजे ११,५०० च्या जवळपास. राज्याच्या किरकोळ कपाती सोडल्या तर खर्चाला १,०४,००० उरतात आणि ४०१(के) मधले २३,५०० वेगळे. अमेरिकेत कपात १५ टक्के आणि जर्मनीत ३२, असं हे दिसतं. पण जर्मनीच्या ३२ मध्ये तिघांचा आरोग्य विमा आणि बेकारी भत्ता आलेला आहे. अमेरिकेच्या १५ मध्ये विमा नाही.

आरएसयूचे वर्षाला ३०,००० सरळ पगारात मिळवू नका. व्हेस्ट होताना, म्हणजे शेअर प्रत्यक्ष तुमचे होताना, ते पगारासारखेच करपात्र असतात आणि कंपनी सहसा सरसकट २२ टक्के कापते. या कुटुंबाचा दर तूर्त २२ मध्येच बसतो, पण शेअर बराच चढला किंवा जोडीदार कमवू लागला की कापलेला कर कमी पडतो आणि एप्रिलमध्ये एकरकमी भरावा लागतो. एकट्या व्यक्तीला तर हे लवकरच होतं. शिवाय क्लिफ म्हणजे अकराव्या महिन्यात काढलं तर शून्य. पहिल्या वर्षाच्या हिशोबात आरएसयू शून्यच धरा.

घर: जर्मनीत जाहिरातीतलं काल्टमिटे म्हणजे गरम पाणी, हीटिंग, देखभाल सोडून. वार्ममिटे, म्हणजे हे धरून असलेलं भाडं, विचारा, वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर असतं. डिपॉझिट कमाल तीन महिन्यांचं काल्टमिटे. बरीच घरं ओटा-कपाटांशिवाय मिळतात, तो खर्च पहिल्या महिन्यात धरून ठेवा.

खिडकीजवळचा

जमाखर्च यांनी चांगल्या वर्षाचा हिशोब मांडला. राहणीमानातला खरा फरक वाईट वर्षात दिसतो, म्हणून दुसरा रकाना तोच करा: घरात आजारपण, दुसरं बाळंतपण किंवा लेऑफ आलं तर खिशातून जास्तीत जास्त किती जाईल?

अमेरिकी ऑफरमध्ये ‘मेडिकल कव्हर आहे’ एवढ्यावर थांबू नका. एचआरकडून तीन आकडे घ्या: कुटुंबाचा मासिक हप्ता, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम), आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम (वर्षभरात उपचारांसाठी खिशातून जाणारी कमाल रक्कम). शेवटच्या आकड्याला कायद्याने कमाल मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती एका व्यक्तीला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. चांगल्या कंपन्यांचे प्लॅन याच्या बरेच खाली असतात. पण ही मर्यादा नेटवर्कमधल्या उपचारांनाच लागू आहे, आणि हप्ता त्यात धरत नाहीत. बहुतेक प्लॅनचं वर्ष जानेवारीत नव्याने सुरू होतं. ऑक्टोबरमध्ये रुजू होऊन नोव्हेंबरात मोठा उपचार झाला, तर डिडक्टिबल एकदा भरून जानेवारीत पुन्हा शून्यापासून. नोकरी गेली तर कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, म्हणजे हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत.

जर्मनीच्या सरकारी विम्यात उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मूल जादा हप्त्याशिवाय येतात. एक सापळा मात्र आहे. २०२५ मध्ये ७३,८०० युरोच्या वर पगार असेल तर खाजगी विमा घेता येतो, आणि ८५,००० म्हटल्यावर एजंट मागे लागतात. एकट्या तरुणाला तो स्वस्त पडतो. पण त्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, वयाबरोबर वाढणारा, आणि सरकारी विम्यात परतणं अवघड. ५५ नंतर जवळजवळ अशक्य. एका पगारावर तिघांचं घर असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आजारपण: जर्मनीत पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, मग विमा संस्था ढोबळ पगाराच्या ७० टक्के, एका निश्चित कमाल रकमेपर्यंत. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर पगारी रजेचा कायदाच नाही. १९९३ चा एफएमएलए हा कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा १२ आठवडे नोकरी राखतो, पगार देत नाही, आणि तोही ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत १२ महिने आणि १,२५० तास काम झाल्यावरच. वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांनी स्वतःची पगारी कौटुंबिक रजा आणली आहे, हा सिअ‍ॅटलच्या बाजूचा मुद्दा; टेक्सासमध्ये तो नसता.

‘अनलिमिटेड पीटीओ’, म्हणजे पगारी रजेला आकडाच नाही, असं असेल तर जपून. रजा साठतच नसल्यामुळे नोकरी सोडताना बहुधा काहीच पैसे मिळत नाहीत, आणि किती दिवस घ्यायचे ते मॅनेजरच्या मर्जीवर राहतं. टीममधल्या लोकांनी गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती दिवस घेतले, हे मुलाखतीतच विचारा. म्युनिकचे ३० दिवस करारात लिहिलेले आहेत. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याची किमान अट २० दिवसांचीच आहे, म्हणून ३० हा आकडा करारात हवाच.

बॅकएंडवाला

हे हवं होतं. व्हिसा वेगळा विषय म्हणून सोडला होता, पण लेऑफचं वाचून वाटतं की तोही याच कागदावर यायला हवा. जोडीदारही इंजिनिअर आहे, वर्षभरात नोकरी सुरू करायची आहे.

सीमापार

मग माझ्या मते सगळ्यात वजनदार रकाना हाच. जोडीदाराला काम करता येत नसेल तर त्याचा अख्खा पगार वजा बाजूला जातो. एवढी मोठी रक्कम बाकी कुठल्याच रकान्यात नाही.

सिअ‍ॅटलची ऑफर कुठल्या व्हिसावर आहे ते प्रश्नात नाही. नवा एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा कुशल कर्मचाऱ्यांचा व्हिसा) असेल तर लॉटरी लागेपर्यंत तिला ऑफर म्हणूच नका. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना आणखी २०,०००. नोंदणी मार्चमध्ये, काम ऑक्टोबरपासून. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क लावलं. ते भरायला कंपनी तयार आहे का, हे लेखी घ्या. एच-४ वरच्या (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला कामाची परवानगी तेव्हाच मागता येते, जेव्हा तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर होतो किंवा सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळते. वर्षभरात ते जमणं कठीण. कंपनीअंतर्गत बदलीचा एल-१ असेल तर चित्र उलटं: एल-२ वरचा (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदार लगेच काम करू शकतो, पण तुम्ही त्या कंपनीला बांधलेले.

नोकरी गेली तर एच-१बीवर कमाल ६० दिवस. त्यात नवी कंपनी मिळून तिचा अर्ज दाखल व्हायला हवा. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती जन्मदेशावर मोजतात. भारतात जन्मलेल्यांची रांग म्हणूनच इतकी लांब आहे, आणि मूल २१ वर्षांचं झालं की आश्रिताच्या यादीतून बाहेर पडू शकतं. दोन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी हा हिशोब आजच करावा.

जर्मनीत ब्लू कार्डवर (युरोपीय संघाचा उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना) जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं. नोकरी गेली तर नवी शोधायला तीन महिने, कार्ड दोन वर्षांहून जुनं असेल तर सहा. कायमचा परवाना २७ महिन्यांत, जर्मन भाषा बी१ (मध्यम) पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांत. पहिल्याच महिन्यात भाषेचा वर्ग लावा. जोडीदाराने तर नक्कीच, कारण इंग्रजीवर चालणाऱ्या टीम मर्यादित आहेत आणि दुसऱ्या पगाराची वाट बहुधा भाषेपाशीच अडते.

पाळणाघराचंही यातच आलं. जर्मनीत मूल एक वर्षाचं झाल्यापासून जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण मोठ्या शहरांत जागा मिळणं वेगळी गोष्ट. पत्ता मिळताच नाव नोंदवा. सिअ‍ॅटलमध्ये संपूर्ण खर्च तुमचा, म्हणून तिथे जोडीदाराच्या पगारातून आधी तो वजा करून बघा.

मधलीवाट

वरच्या सगळ्याशी सहमत, पण हा निकाल या कुटुंबापुरता आहे. एकटा माणूस, तब्येत ठणठणीत, चार-पाच वर्षांत साठवून निघायचं असेल तर अमेरिकेला तोड नाही. एवढीच खबरदारी की सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला कमाल ४, म्हणजे किमान १० वर्षं. भारताशी त्याबाबत करार नसल्याने त्याआधी निघालं तर ते पैसे गेले असंच धरा. जर्मनीत ६० महिने भरले की पेन्शनचा हक्क तयार होतो.

इतर देशांची ऑफर आली तर हे बघा. नेदरलँड्समध्ये ३० टक्क्यांच्या करसवलतीवर सगळं गणित उभं असतं. ती पाच वर्षांपुरती आहे, २०२७ पासून २७ टक्के होणार आहे, आणि बाहेरून भरती झालेल्यालाच मिळते. आधी येऊन मग नोकरी शोधली तर हातची जाऊ शकते. सहाव्या वर्षीचा पगार सवलतीशिवाय काढून बघा. ब्रिटनमध्ये १,००,००० पौंड ओलांडले की करमुक्त मर्यादा कमी होत जाते, त्यामुळे १,२५,१४० पर्यंतच्या पट्ट्यात प्रत्यक्ष दर ६० टक्के पडतो, आणि लहान मुलांचे मोफत पाळणाघराचे तासही जातात. जादा रक्कम पेन्शनमध्ये वळवणं हाच उपाय. वर आरोग्य अधिभार, प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आगाऊ. सिंगापूरला कर कमी, पण परदेशी माणसाला सीपीएफ (तिथली सक्तीची बचत-पेन्शन योजना) नाही आणि जोडीदाराला स्वतंत्र वर्क पास लागतो. ऑस्ट्रेलियात आकडा सुपरसह (कंपनी भरते ती निवृत्तीची रक्कम) आहे की सुपर वगळून ते विचारा; जुलै २०२५ पासून सुपर १२ टक्के आहे, म्हणजे फरक लहान नाही.

जमाखर्च

सीमापार यांचं वाचून माझ्या मांडणीत एक बदल सुचवतो: हिशोब एका वर्षाचा नको, पाच वर्षांचा करा. सिअ‍ॅटलला एका पगाराची पाच वर्षं. म्युनिकला दीड वर्ष एक पगार, पुढे दोन. जोडीदाराला तिथे ५५,००० युरो जरी मिळाले तरी दोन्ही शहरांतल्या शिलकेतलं अंतर बरंच मिटतं. व्हिसा एल-१ असेल तर मात्र सिअ‍ॅटललाही दोन पगार धरा, मग पैशात तेच पुढे राहील.

सही करण्यापूर्वी ईमेलवर मागून घ्या: व्हिसाचा प्रकार आणि त्याचं शुल्क कोण भरणार, ग्रीन कार्डची प्रक्रिया रुजू झाल्यावर किती महिन्यांत सुरू करणार, विम्याचे तिन्ही आकडे, स्थलांतराचा खर्च, आणि नोकरी लवकर सोडल्यास जॉइनिंग बोनस किंवा स्थलांतराचे पैसे किती महिन्यांच्या आत परत करावे लागतात. परतफेड करापूर्वीच्या रकमेची की हातात आलेल्या, तेही त्यात लिहून मागा. कंपनीने काढलं तरी ती अट लागू होते का, हे करारात धूसर ठेवलेलं असतं. तिथे ‘फक्त स्वतःहून राजीनामा दिल्यास’ अशी दुरुस्ती करून मागता येते, आणि बऱ्याच कंपन्या ती मान्य करतात.