दहावीच्या मुलांच्या हातातला हायलायटर काढून घ्या

उंबरठा (धागाकर्ता)

दहावीची लेखी परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला की घरोघरी एकच घोष: "वाचायला बस!" माझा आक्षेप या वाचायला बसण्यालाच आहे. मूल धडा वाचतं, पिवळ्या-गुलाबी रेघा ओढतं, परत वाचतं. तिसऱ्या वेळी सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं, असं धरून चालतं. पेपरात मात्र ती ओळ समोर नसते, ती डोक्यातून काढावी लागते. आणि डोक्यातून काढायचा सराव वर्षभरात झालेलाच नसतो.

हे माझ्या मनाचं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार पाळ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे, आपल्याला किती आठवेल असं विचारल्यावर जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांचाच होता.

करायचं काय, ते विज्ञान भाग 1 मधल्या भिंगांच्या धड्यावर सांगतो. बहिर्वक्र भिंगाने मिळणाऱ्या प्रतिमांचा तक्ता असतो, वस्तूच्या सहा स्थानांचा. तो वाचू नका. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर सहा ओळी आखा आणि भरा. पहिल्या चार ओळी बऱ्याच मुलांना जमतात. वस्तू नाभीवर असताना काय होतं आणि नाभी व भिंगाच्या मध्ये असताना काय होतं, इथे गाडी अडते. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. तीन-चार दिवसांनी नवा कागद. लाल शाई जिथे दिसेल तेवढाच तुमचा खरा अभ्यास, बाकीच्यावर वेळ घालवू नका.

सवायकी

प्रयोग अमेरिकेतले, मुलं कॉलेजातली, उतारे पानभराचे. त्यावरून आमच्या बोर्डाच्या पोरांना उपदेश! आम्ही तीसपर्यंत पाढे, त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे, सगळं घोकून आलो. घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मुलं आज साडेसात गुणिले सोळाला मोबाईल काढतात. हजारो वर्षं वेद टिकले ते पाठांतरावर, कोऱ्या कागदावर नव्हे. आधी माल कोठारात भरा, मग बाहेर काढायच्या गोष्टी करा.

खडूधारी

सवायकीकाका, तुम्ही तर उंबरठा यांच्याच बाजूने बोललात. पाढा म्हणताना तुमच्यापुढे पुस्तक कुठे होतं? गुरुजी मध्येच "सात नव्वे?" विचारायचे, अडलात की छडी. हे आठवून काढणंच झालं. वेदपाठातही संहिता एकदा सरळ म्हणून भागत नाही. क्रम, जटा, घन असे पाठ आहेत, त्यात तीच पदं मागे-पुढे फिरवून म्हणावी लागतात. नुसतं ओघात वाहत जाता येऊ नये, अशी ती योजना आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. बघून बघून वाचण्याला पाठांतर म्हणण्याला आहे.

मी गणित शिकवतो, तेव्हा उंबरठा यांनी सोडून दिलेला मुद्दा मांडतो. मुलं प्रकरणवार सराव करतात. अंकगणिती श्रेढीची वीस उदाहरणं ओळीने सोडवली की विसावं डोळे मिटून येतं, कारण सूत्र कोणतं ते मथळ्यानेच सांगितलेलं असतं. पेपरात मथळा नसतो. "पहिल्या महिन्यात 200 रुपये, दुसऱ्यात 250, तिसऱ्यात 300 साठवले, तर वर्षाअखेर किती?" यात श्रेढी आहे हे ओळखणं हेच अर्धं उदाहरण. शेजारी दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज दिलेली असते, ती दोन चलांत मांडायची. त्याखाली आयताची लांबी रुंदीपेक्षा चारने जास्त आणि क्षेत्रफळ दिलेलं, तिथे वर्गसमीकरण. माझ्याकडे तिन्ही प्रकार वेगवेगळे सोडवणारी मुलं सराव परीक्षेत गोंधळतात आणि घरी जाऊन सांगतात, "पेपर अवघड होता."

यावरही काम झालंय. रोरर आणि टेलर यांनी 2007 मध्ये घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला मिसळून. सराव चालू असताना प्रकारवारवाले 89 टक्के बरोबर, मिसळवाले 60. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रकारवारवाले 20 वर घसरले, मिसळवाले 63 वर. क्लासवाले प्रकारवार सराव का घेतात हे पहिल्या आकड्यावरून कळतं. मुलाची वही छान दिसते, पालक खूश.

दोन_मुलांची_आई

तुम्हा सगळ्यांची मुलं हुशार दिसतात. माझा धाकटा अभ्यासात मागे आहे. त्याला कोरा कागद दिला की कागद कोराच राहतो, मग रडारड, मग "मला काही येत नाही." भूगोलात भारत आणि ब्राझील दोन देश शेजारी शेजारी, त्याला कुठली नदी कुठली हेही धड सांगता येत नाही. वाचलं तर निदान तासभर पुस्तकासमोर बसतो. हायलायटर काढून घेतला तर तेवढंही बसणार नाही. 35 गुण मिळवायचे आहेत हो, संशोधन नाही करायचं.

पेठेतला_परीक्षार्थी

ताईंशी सहमत. मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो. इथला मंत्र जुना आहे: दहा पुस्तकं एकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक दहादा. त्यावर लोक पदांवर गेलेत. अभ्यासक्रम एवढा अफाट की प्रत्येक पानानंतर कोरा कागद घेऊन बसलो तर पूर्वपरीक्षा उलटून जाईल. आधी चार वाचनं, मग नोट्स, मग पेपर सोडवणे, हाच क्रम. ज्याला मूळ माहिती नाही तो काय आठवणार, डोंबल?

उंबरठा (धागाकर्ता)

परीक्षार्थी, तो मंत्र पर्यायी उत्तरांच्या काळातला आहे. चार पर्याय समोर असले की नुसती ओळख पुरते: वाचलेलं डोळ्यांसमोर येतं, गोल काळा करून मोकळे. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षाच आता वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यातल्या सातांचे 1750 गुण धरायचे. तिथे तुमचं दहा वेळा वाचलेलं पुस्तक कागदावर उतरणार कसं? अभ्यासिकेत बारा तास बसून एक उत्तर न लिहिता उठणारे तुम्हीही रोज बघत असाल. खुर्ची तापवणं आणि अभ्यास यात फरक आहे.

आई, हायलायटरबद्दल मी मागे हटत नाही. 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं उपलब्ध संशोधन तपासलं. रेघा ओढणं आणि पुन्हा वाचणं, दोन्ही कमी उपयोगाच्या गटात पडली. वर आल्या दोनच: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत वाटून करणं. तासभर पुस्तकासमोर बसणं हे तुमच्या मनाच्या शांतीसाठी आहे, त्याच्या 35 गुणांसाठी नाही.

सवायकी

ही भाषा बघा! एका आईशी बोलताय.

खडूधारी

उंबरठा, पद्धत बरोबर आणि सांगणं चूक. मागे पडलेल्या मुलाला कोरा कागद देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. काही शिकतात, बरेचसे पुन्हा विहिरीकडे फिरकत नाहीत.

ताई, असं करून बघा. "ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ का?" हा प्रश्न घ्या. उत्तर त्याला एकदा वाचू द्या, पुस्तक उघडंच असू दे. मग तुम्ही चिठ्ठीवर चारच शब्द लिहा: पाऊस, जंगल, रस्ते, साधनसंपत्ती. पुस्तक मिटून त्याने प्रत्येक शब्दावर एकेक वाक्य बोलायचं. लिहायचं नाही, बोलायचं. तुम्ही पोळ्या लाटत ऐकलंत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दोनच शब्द द्या, नंतर चिठ्ठीच नको. नद्यांसाठी दोन्ही देशांचे कोरे नकाशे आणा, रोज तीन नावं भरायची, जास्त नाही. पुस्तकाची भाषा जशीच्या तशी नको, तपासणारा मुद्दे बघतो. व्याख्या आणि सूत्रं तेवढी शब्दशः, तिथे काकांचं पाठांतर हवंच.

दोन_मुलांची_आई

बोलून घ्यायचं हे जमेल असं वाटतंय. त्याला बोलायला भरपूर आवडतं, तीच तर तक्रार आहे शाळेची. पण एक सांगा, हे रोज सगळ्या विषयांचं करायचं म्हणजे मी नोकरी सोडू का? आणि अपेक्षित प्रश्नसंच आणून तेवढेच करून घेतले तर?

पेठेतला_परीक्षार्थी

अपेक्षित नको ताई, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणा. अपेक्षितात उत्तर प्रश्नाखालीच छापलेलं असतं, पोरगं प्रश्न वाचून सरळ उत्तरावर उडी मारतं.

उंबरठा, तुमचा टोमणा पोचला. मुख्यच्या पेपरासाठी लिहिण्याचा सराव लागतो हे मान्य, कोण नाही म्हणतंय? पण पहिली चार वाचनं मी सोडणार नाही. आणि माझ्या मूळ अडचणीला तुम्ही हातच घातला नाहीत. कागद भरला, तपासणार कोण? भिंगांच्या तक्त्यात चूक-बरोबर लगेच दिसतं. दीर्घोत्तरी प्रश्नात स्वतःचं उत्तर वाचताना "मला हेच म्हणायचं होतं" असं वाटतं आणि माणूस स्वतःलाच पैकीच्या पैकी देऊन टाकतो. आमच्या अभ्यासिकेत उत्तरं तपासून देणाऱ्या सराव-चाचण्यांच्या मालिकांचे पैसे भरावे लागतात ते उगाच नाही.

खडूधारी

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. वर्गात मी वह्यांची अदलाबदल करतो. बाकावरच्या शेजाऱ्याने पेन्सिलने तपासायचं, प्रत्येक मुद्द्याला अर्धा गुण, आणि गुण का कापला ते समासात लिहायचं. दुसऱ्याचे गुण कापायला मुलं कमालीची कडक असतात. भांडणं होतात, होऊ देतो. "मी लिहिलंय की!" "कुठे लिहिलंयस, दाखव!" या हमरीतुमरीत धडा जेवढा पक्का होतो तेवढा माझ्या फळ्यावर होत नाही. ताई, हे तुमच्याही कामाचं आहे: इमारतीत दहावीचं दुसरं मूल असेल तर रविवारी दोघांना समोरासमोर बसवा, तुमची नोकरी शाबूत राहील.

सवायकी

आमच्या वेळी याला पुढच्या बाकावरच्याकडून कान पिळून घेणे म्हणत. पद्धत जुनीच आहे, नाव तुम्ही नवं द्या. पण आई, पोराला पाढे पाठ आहेत का ते आधी बघा. नाहीतर गणिताच्या पेपरात सगळा वेळ गुणाकारातच जायचा.

उंबरठा (धागाकर्ता)

पाढ्यांबाबत काकांशी शंभर टक्के सहमत, फक्त ते भिंतीवरच्या तक्त्यात बघून म्हणायचे नाहीत. अदलाबदलीची कल्पना उचलतो. चार वाचनांवर मात्र परीक्षार्थींशी माझं भांडण कायम. एक वाचन, मग पुस्तक मिटायचं. काय आठवत नाही ते कळल्यावर दुसरं वाचन कराल तेव्हा डोळा नेमका तिथेच थांबेल. एका प्रकरणावर आठवडाभर करून बघा आणि इथेच येऊन शिव्या द्या.

पेठेतला_परीक्षार्थी

राज्यव्यवस्थेतलं राज्यपालांचं प्रकरण घेतो. शिव्या तयार ठेवल्यात.