साडेचार वर्षांचा राग आणि १३ फुकट गेम

जुनाखेळाडू (धागाकर्ता) | शनिवार, २ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:४०

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पाल्हाळ मोठं आहे. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

मी मूळचा नाशिकचा, आता पुण्यात. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडीवर 'हीरोज ३' खेळून मोठा झालो. सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं आणि आतले निम्मे व्हिडिओ कापलेले. पुढे नोकरी लागली, २०१३च्या दिवाळीत गॉगवर सेल लागला, आणि तोच गेम रीतसर पैसे मोजून घेतला. माझं कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना, म्हणून न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या कार्डावर. दोन डॉलर एकोणपन्नास सेंट. पापक्षालन इतकं स्वस्तात होतं हे तेव्हा कळलं.

गॉग माहीत नसेल त्यांच्यासाठी: पोलंडचं ऑनलाइन गेमचं दुकान, 'विचर'वाल्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये काढलेलं. तिथे गेमला कुलूप नसतं. इन्स्टॉलर उतरवून घ्यायचा, मग उद्या इंटरनेट गेलं किंवा दुकानच बुडालं तरी गेम तुमचा. माझे असे ६३ गेम एका हार्ड डिस्कवर आहेत आणि ती डिस्क कपाटात बायकोच्या पैठणीशेजारी असते. थोडक्यात, मी नुसतं गिऱ्हाईक नव्हतो, फुकटचा प्रचारकही होतो. ऑफिसात चार जणांना खाती उघडून दिली होती.

मग आला १६ डिसेंबर २०२०. तैवानच्या रेड कँडल गेम्सने जाहीर केलं की त्यांचा 'डिव्होशन' १८ तारखेला गॉगवर येतोय. हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर आला आणि आठवडाभरात गायब झाला होता. गेममध्ये भिंतीवर चिकटवलेल्या एका पिवळ्या मंत्रपत्रावरच्या शिक्क्यात जुन्या चिनी लिपीत शी जिनपिंग आणि विनी द पू (ज्याच्यावरून त्यांना चिडवतात ते कार्टूनमधलं अस्वल) ही नावं एकत्र सापडली. चीनमधून वाईट परीक्षणांचा पाऊस पडला. कंपनीने चित्र बदललं, माफी मागितली, शेवटी गेम स्वतःच काढून घेतला. तिकडे चीनमधल्या त्यांच्या प्रकाशकाचा परवाना रद्द झाला. एका चित्रापायी एवढं सगळं.

तर जवळपास दोन वर्षांनी तो गेम परत येणार, आणि तोही माझ्या लाडक्या दुकानात. मी मित्राला फोन केला, म्हटलं, बघ, हे खरे मर्द. काही तासांतच गॉगचं ट्वीट आलं. मथितार्थ असा की गेमर्सकडून पुष्कळ संदेश आले, त्यामुळे हा गेम आम्ही ठेवणार नाही.

गेम नाकारला याचा राग आलाच. पण खरा डोक्यात गेला तो 'गेमर्स' हा शब्द. अरे बाबांनो, घाबरलात ना? ठीक आहे, घाबरा. चीनची बाजारपेठ मोठी आहे, सहा दिवसांपूर्वीच सीडी प्रोजेक्टचा स्वतःचा मोडकातोडका गेम 'सायबरपंक' आलाय, घरात आधीच आग लागलीय, सगळं समजू शकतो. काहीच बोलला नसतात तरी चाललं असतं. पण बंदूक ठेवायला माझाच खांदा सापडला? त्या ट्वीटखाली हजारो गेमर्स विचारत होते की आम्ही कधी संदेश पाठवला, आणि त्यांना उत्तर नव्हतं. त्या रात्रीपासून गॉगवर एक पैसा खर्च केलेला नाही. सायबरपंकही घेतला नाही, आणि तो पुढे सुधारला म्हणतात तेव्हा फार जड गेलं.

आता प्रश्न. जुलैत स्टीम आणि इच या गेमच्या दुकानांनी कार्ड कंपन्यांच्या दबावाखाली प्रौढांचे गेम काढले किंवा लपवले, हे वाचलं असेलच. काल याच गॉगने त्याच्या निषेधार्थ १३ गेम फुकट वाटायला काढलेत. कायदेशीर गेम विकत घेण्याचं स्वातंत्र्य वगैरे घोषणा आहे. तर हे गेम घेऊन राग सोडावा, की 'तेव्हा कुठे गेला होता तुझा धर्म' म्हणून बसावं? चार वाजेपर्यंत ऑफिसचं काम आहे, त्यानंतर उत्तरं वाचतो.

---

खडूस_काका | सकाळी ११:१५

फुकट ते पौष्टिक. घे आणि गप्प बस.

दुकानदार धंदा करायला बसलाय, तुझ्या तत्त्वांची पालखी उचलायला नाही. आणि एक विचारतो. २ सप्टेंबर २०२० ला आपल्या सरकारने पबजीसकट ११८ अॅप बंद केली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी तुझा हा डिव्होशनचा राग. पबजीच्या वेळी काय केलंस? याच संस्थळावरच्या तेव्हाच्या धाग्यात तुझा '+१' मी पाहिलाय.

---

शिंचूकर | दुपारी १२:०५

मी गेली सात वर्षं तैवानला शिंचूत आहे, संशोधनासाठी आले आणि राहिले. डिव्होशनबद्दल मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राजकारणाच्या गदारोळात एक गोष्ट कुणी सांगत नाही. या गेमचा विषय बुवाबाजी आहे हो! ऐंशीच्या दशकातलं तैपेईतलं एक घर. बाप पटकथालेखक, हाताला काम राहिलेलं नाही. आई एके काळची गायिका. मुलगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जाणारी, पण आजारी पडते. आणि बाप डॉक्टर सोडून एका पंथाच्या गुरूच्या नादी लागतो. पुढचं सांगत नाही. माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने घरी लावला होता. तिची आई मागून जाता जाता थांबली आणि म्हणाली, हे तर आपलंच जुनं घर. गेममध्ये टीव्ही, माशांची टाकी, दाराबाहेरचे जोडे, सगळं तसंच आहे. चीनविरोधी गेम म्हणून जगभर गाजला, आणि आत बघाल तर चीनचं नावही नाही. आपल्याकडे कुणी करायला हवा होता असा गेम, गुरूंची टंचाई तर नाही ना.

त्या शिक्क्याचं म्हणाल तर कडेला आणखी चार अक्षरं होती, त्यांत शेवटी 'आठ सात'. तैवानी बोलीत त्याचा उच्चार 'बिनडोक'च्या जवळ जातो, आणि त्याआधी आईचा उल्लेख. म्हणजे पोरकट शिवीच. कंपनी म्हणाली की तात्पुरतं टाकलेलं चित्र चुकून राहिलं. इथल्या लोकांनाही ते आवडलं होतं असं नाही, पण शिवी कापली, माफी मागितली, तरी गेमच पुसून टाकायचा? याच कंपनीचा आधीचा गेम, २०१७चा 'डिटेन्शन', इथल्या लष्करी कायद्याच्या काळावर आहे. तो कायदा १९४९ ते १९८७ होता. कुणाच्या तरी काकाला रात्री उचलून नेलं, अशी गोष्ट इथे पुष्कळ घरांत ऐकायला मिळते. त्यामुळे 'संदेश आले म्हणून काढलं' हे वाक्य इथे वेगळं ऐकू येतं.

जून २०२० मध्ये तैवानपुरती डिस्क निघाली होती, ती माझ्याकडे आहे. त्याच वर्षी हार्वर्डच्या येन्चिंग ग्रंथालयाने हे दोन्ही गेम संग्रहात घेतले. आणि १५ मार्च २०२१ पासून रेड कँडल स्वतःच्या साइटवर विकतात, कुलूप न लावता. धागाकर्ते, तुम्ही घेतलात की नुसताच राग धरलात?

---

कोडगा | दुपारी १:३०

पेमेंटच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे डिव्होशन बाजूला ठेवून जुलैबद्दल लिहितो, कारण तिथे चुकीची समजूत दिसते.

'कार्ड कंपनीने गेम काढायला लावले' इतकं ते सरळ नसतं. दुकान आणि मास्टरकार्ड यांच्या मध्ये किमान दोन पायऱ्या असतात. एक पेमेंट प्रोसेसर, दुसरी दुकानाच्या बाजूची बँक, जिला आम्ही अॅक्वायरर म्हणतो. नियम मास्टरकार्डचा, तो पाळण्याची हमी बँकेची, दुकानाच्या मागे लागतो प्रोसेसर. नियम मोडला तर भुर्दंड बँकेला बसू शकतो, म्हणून बँक आधीच घाबरलेली असते. आणि घाबरलेला मधला माणूस नियमापेक्षा चार पावलं पुढेच जातो, हे मी रोज पाहतो.

आता क्रम बघा. ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या गटाने जुलैत पेमेंट कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं, की लैंगिक हिंसेचे गेम ठेवणाऱ्या दुकानांचे व्यवहार थांबवा. आठवडाभरात स्टीमच्या नियमांत नवा नियम आला, की प्रोसेसर, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारं चालणार नाही. २४ जुलैच्या सुमारास इचने तर प्रौढ शिक्का असलेले सगळेच गेम शोधातून काढले. त्यांत ज्यांचा आक्षेपाशी काही संबंध नाही असेही गेले. मग गिऱ्हाइकांनी मास्टरकार्ड-व्हिसाच्या हेल्पलाइनवर फोनांचा मारा केला.

काल मास्टरकार्ड म्हणालं की आम्ही कुठल्याही गेमचं मूल्यमापन केलं नाही, बंधनंही घातली नाहीत. त्यावर स्टीमवाल्या व्हॉल्व्हचं उत्तर असं की मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, आम्ही विनंती करूनही. प्रोसेसरांनी आम्हाला मास्टरकार्डचाच ५.१२.७ हा नियम दाखवला. हा नियम बेकायदा व्यवहारांबद्दल तर आहेच, शिवाय ब्रँडच्या प्रतिष्ठेला धक्का देऊ शकेल अशा व्यवहारांबद्दलही आहे. 'देऊ शकेल'! यात काय बसत नाही सांगा. उद्या शिंचूकरांचा बुवाबाजीवरचा गेमही बसवता येईल.

जुनाखेळाडू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घे. गॉगचे व्यवहारही याच कार्डांवर चालतात. तरी ते बोलले, याला थोडी छाती लागते.

---

जुनाखेळाडू | सायंकाळी ५:२०

@काका, पबजीचा बाण बरोबर लागला. '+१' माझाच. गलवान नुकतंच झालं होतं, डोकं तापलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर पबजीमुळे भाचा दहावीत गटांगळ्या खात होता म्हणून बरंच वाटलं. बचाव करत नाही. फरक एकच सांगतो: सरकारने आदेश काढला तेव्हा खाली सरकारचंच नाव होतं. कुणाला शिव्या द्यायच्या, कोर्टात कुणाविरुद्ध जायचं, ते कळतं. 'गेमर्सकडून संदेश आले' याच्याविरुद्ध मी कुठे जाऊ?

@शिंचूकर, घेतला हो! १५ मार्चलाच, ऑफिसात मीटिंग चालू असताना. तुम्ही म्हणता ते घर मला दादरच्या आत्याच्या घरासारखं वाटलं, तिथेही टीव्हीवर क्रोशाचं झाकण असायचं. मध्यरात्री एकट्याने संपवला आणि नंतर मुलाच्या खोलीत जाऊन त्याचं पांघरूण नीट केलं. इतकंच सांगतो.

@कोडगा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. मास्टरकार्ड म्हणतं आम्ही नाही, प्रोसेसर म्हणतो नियम त्यांचा, दुकान म्हणतं आमचा इलाज नाही. वड्याचं तेल वांग्यावर. २०२० मध्ये निदान एकच दुकान खोटं बोलत होतं.

पण मला अडचण वेगळीच आली. चार वाजता साडेचार वर्षांनी गॉगमध्ये शिरलो. पासवर्ड आठवला, याचा स्वतःलाच राग आला. त्या १३ मध्ये 'पोस्टल २' आहे, 'एगनी' आहे, आणि बरेचसे अगदी नावावरूनच कळावेत असे. स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहायचं तर हे उभं राहणं माझ्या लायब्ररीत दिसणार. आणि ती लायब्ररी सध्या आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव वापरतात, 'हीरोज ३' साठी. बायकोने मागून यादी पाहिली आणि विचारलं, "हे तुझं आंदोलन का?"

---

कोडगा | सायंकाळी ५:४५

लायब्ररीतले गेम लपवता येतात रे. सेटिंग नीट बघ.

---

शिंचूकर | सायंकाळी ६:१०

लपवून ठेवलेलं स्वातंत्र्य! हाहा. इचनेही तेच केलं ना, शोधातून लपवलं. परवापासून तिथले फुकटचे प्रौढ गेम परत दिसायला लागलेत, विकतचे मात्र अजून नाहीत.

मला विचाराल तर १३ गेम घेण्या-न घेण्याने त्यांना काही फरक पडणार नाही. गॉगवर गिऱ्हाइकांच्या मागण्यांची यादी असते, तिथे डिव्होशनसाठी मागणी नोंदवा आणि कारण लिहा: एका गेमरचा संदेश. आले की नाही संदेश, ते त्यांनाच कळू दे.

---

जुनाखेळाडू | रात्री ११:३०

शिंचूकर, हे आवडलं. नोंदवलं. कारणात तुमचंच वाक्य टाकलं, इंग्रजीत जरा पांगळं झालं.

१३ गेम घेतले नाहीत. खातं ठेवलंय. कपाटातली हार्ड डिस्क हल्ली खरखर करते, म्हणून लॉगिन झालोच आहे तर 'हीरोज ३' चा इन्स्टॉलर पुन्हा उतरवतोय. उरलेले ६२ उद्या.

---

खडूस_काका | रात्री ११:३४

म्हणजे शेवटी फुकटचंच उतरवलंस.

---

जुनाखेळाडू | रात्री ११:३६

काका, दोन डॉलर एकोणपन्नास सेंट. मावसभावाने अजून मागितलेले नाहीत, ती गोष्ट वेगळी.