मदत हवी आहे: दाव्यात फसवणुकीचा आरोप असला, तर विमा कंपनी बचावाचा खर्च नाकारू शकते का?

नमस्कार.

माझे धाकटे बंधू पुण्यात आर्किटेक्ट आहेत. व्यवसाय त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी (व्यावसायिक कामातील चुकीबद्दल कोणी भरपाई मागितल्यास संरक्षण देणारा विमा) त्यांनी कधीही खंडित होऊ दिलेली नाही. कोथरूडमधील एका बंगल्याच्या मालकाने त्यांच्यावर आणि कंत्राटदारावर शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. झालेल्या कामापेक्षा जास्त रकमेची रनिंग बिले (काम चालू असताना कंत्राटदार टप्प्याटप्प्याने देतो ती बिले) भावाने प्रमाणित केली, अशी तक्रार आहे. एका परिच्छेदात हे निष्काळजीपणाने झाले असे म्हटले आहे आणि पुढच्याच परिच्छेदात कंत्राटदाराशी संगनमत करून फसवणूक केली, असे.

विमा कंपनीने या दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून वकिलाचा खर्च देण्यास लेखी नकार दिला. पॉलिसी मी अनेकदा वाचली. फसवणुकीतून उद्भवलेली जबाबदारी वगळलेली आहे हे खरे. परंतु ती फसवणूक न्यायालयाच्या अंतिम निकालाने किंवा विमाधारकाच्या कबुलीने सिद्ध झालेली असावी, असे त्याच वाक्यात लिहिले आहे आणि तसे झाल्यास आधी दिलेला खर्च परत घेण्याची तरतूदही लगेच पुढे आहे. आमच्या दाव्यात अजून मुद्देसुद्धा (न्यायालयाने निर्णय द्यायचे वादाचे प्रश्न) काढलेले नाहीत. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ नुसार फसवणुकीचा आरोप करणाऱ्याने त्याचा तपशील वादपत्रातच द्यावा लागतो, आणि येथे संगनमत कधी व कसे झाले याबद्दल एक ओळही नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाला ज्या वेळी विम्याचा आधार हवा, नेमका त्याच वेळी तो काढून घेतला जात आहे, याचे मला फार वाईट वाटते.

अमेरिकेतील अनेक दायित्व पॉलिसींमध्ये बचाव करण्याचे कर्तव्य विमा कंपनीनेच स्वीकारलेले असते, आणि आरोपांपैकी एक जरी संरक्षणात बसण्यासारखा असला तरी कंपनीला बचाव करावा लागतो, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच म्हटले होते. भावाच्या पॉलिसीत मात्र कंपनीच्या पूर्वसंमतीने केलेल्या खर्चाची भरपाई एवढेच आहे. त्यामुळे तो युक्तिवाद येथे जसाच्या तसा चालणार नाही, हे मी समजून आहे.

समन्स मिळून १८ दिवस झाले. लेखी कैफियतीची (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची) मुदत ३० दिवसांची असून न्यायालय ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. कंपनी संमती देत नसताना आम्ही स्वतः वकील नेमला, तर पुढे 'पूर्वसंमती नव्हती' या कारणाने तो खर्च नाकारता येईल का? निषेध नोंदवून, हक्क राखून ठेवल्याचे पत्र आधी पाठवावे का?

पुण्यातील विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) एकल मालकीच्या व्यवसायाला तक्रार करता येते. परंतु तोच विषय न्यायालयात प्रलंबित असेल तर तक्रार घेतली जात नाही. बंगल्याच्या मालकाचा दावा हा 'तोच विषय' ठरतो का? माझ्या मते ठरू नये, कारण त्यात विमा कंपनी पक्षकारच नाही. असे प्रकरण प्रत्यक्ष हाताळलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे.