'बॉम्ब टाकला म्हणूनच युद्ध थांबलं ना?' वर्गात याला काय उत्तर द्यायचं?

निळी शाई

मी नववीला इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात हिरोशिमा-नागासाकीबद्दल बोलत होते, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, पण बॉम्ब टाकला म्हणूनच युद्ध थांबलं ना? मग टाकला ते बरंच झालं की." निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. तेवढ्यात घंटा झाली. घंटा झाल्याचं मला बरं वाटलं, आणि तेच तेव्हापासून टोचतंय.

हिरोशिमाच्या संग्रहालयात जेवणाचा एक डबा ठेवलाय. तो माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा जरासा लहान असलेल्या एका मुलाचा. आई त्याला शोधत फिरली, तेव्हा तो पोटाशी धरलेल्या डब्यासकट सापडला. डबा उघडलेला नव्हता, कारण सकाळचे सव्वाआठच वाजले होते. आतल्या भाताचा कोळसा झाला होता. ही मुलं त्या दिवशी वर्गात नव्हती. आगीचे बॉम्ब पडले तर आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं, त्यावर सातवी-आठवीच्या मुलामुलींना लावलं होतं. अशी हजारो मुलं ६ ऑगस्ट १९४५ ला उघड्यावर काम करताना मेली.

माझं मत सांगते. युद्ध बॉम्बमुळे थांबलं की आणखी कशामुळे, हा इतिहासाचा वाद आहे आणि तो चालू राहील. पण बॉम्बमुळेच थांबलं असं मान्य केलं तरी माझा प्रश्न तसाच राहतो. शरण जायचं की नाही हे टोकियोतली मोजकी माणसं ठरवत होती. त्यांना वाकवायला ज्यांच्या हातात काहीच नव्हतं अशांना जाळायचं, हे कोणत्या न्यायाने? कोणी पोरांना ओलीस धरून बापाकडून सही घेतली, तर सही झाली म्हणून ते कृत्य योग्य ठरतं का?

मतं हवी आहेत. विरोधातली तर हवीच आहेत.

रानवाटा

ताई, मी विरोधातला. तुम्ही डबा दाखवलात, त्यावर वाद नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही मुलांना दाखवा.

ओकिनावाची लढाई १ एप्रिलला सुरू झाली आणि जूनच्या शेवटी संपली. एका बेटासाठी अमेरिकेचे बारा हजारांवर मेले, जपानचे लाखभर सैनिक मेले आणि तिथले नागरिक लाखाच्या आसपास. पुढची पायरी होती जपानच्या दक्षिणेचं मोठं बेट क्युशू, तारीख ठरली होती १ नोव्हेंबर. त्यानंतर १९४६ च्या वसंतात टोकियोजवळ उतरायचं. जपानमध्ये बायकांना आणि शाळकरी मुलांना बांबूचे भाले देऊन शिकवत होते. तुमचा तो डबेवाला मुलगा नोव्हेंबरमध्ये भाला घेऊन किनाऱ्यावर उभा असता.

शिवाय हिरोशिमा म्हणजे नुसतं गाव नव्हतं. क्युशूसकट पश्चिम जपानच्या संरक्षणाचं लष्करी मुख्यालय तिथे होतं.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशकला जपान्यांशी लढले. पाण्याविना काढलेले दिवस आणि रात्री अंगावर येणारे हल्ले एवढंच सांगायचे, बाकी गप्प. ऑगस्ट ४५ मध्ये त्यांची डिव्हिजन मलायाच्या किनाऱ्यावर उतरायची तयारी करत होती. ते म्हणायचे, "त्या बॉम्बनं मला घरी आणलं." मी त्यांचा नातू. मी इथे लिहितोय तेच कदाचित त्यामुळे. मला हा वाद पुस्तकी वाटत नाही.

दुर्बीण

रानवाटा, आजोबांना नमस्कार. पण लष्करी मुख्यालयाचा मुद्दा टिकत नाही. नेम मुख्यालयावर धरलाच नव्हता. तो होता आयोई पुलावर. टी अक्षराच्या आकाराचा, वरून ओळखायला सोपा आणि शहराच्या मधोमध. लष्करी तळच उडवायचा असता तर नेमासाठी पूल कशाला निवडला असता? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी रेडिओवर हिरोशिमाला लष्करी तळ म्हटलं. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तिथे सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मेली, त्यातली बहुतेक साधी माणसं.

सह्याद्रीपुत्र

मग ९-१० मार्चची टोकियो? एका रात्रीत तेलाचे बॉम्ब टाकून लाखाच्या आसपास माणसं जाळली. लाकडाची घरं, वारा, कालव्यात उड्या मारलेले लोक. त्या तारखेला कोण मेणबत्त्या लावतं? दरवर्षी ६ ऑगस्टला आपल्या संसदेत मौन पाळतात, १० मार्चला नाही. अणुबॉम्ब तेवढा पाप आणि बाकीचे बॉम्ब युद्धनीती, हे मला पटत नाही.

निळी शाई

@सह्याद्रीपुत्र, मलाही पटत नाही. टोकियोही चूकच. उलट मार्चमध्ये ते चालवून घेतलं, म्हणून ऑगस्टमध्ये कोणी थबकलं नाही, असं मला वाटतं. एकदा शहर हेच लक्ष्य झालं की पुढचा प्रश्न फक्त 'किती विमानं लागतील' एवढाच उरतो. मार्चमध्ये पावणेतीनशेच्या वर विमानं लागली होती, ऑगस्टमध्ये एक पुरलं.

अनुराधा_इपोह

मी मलेशियात राहते, म्हणून लिहिते. या चर्चेत जपानी आहेत आणि अमेरिकी आहेत, पण जपानच्या ताब्यातला आशिया कुठेच नाही.

१९४५ चा प्रत्येक महिना इथल्या लोकांना फुकट नव्हता. जपान्यांनी बांधायला घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मलायातल्या मळ्यांमधून तमिळ मजूर नेले, त्यातले हजारो जंगलात पटकी आणि उपासमारीने मेले. त्यांचं संग्रहालय नाही, डबा नाही. उत्तर व्हिएतनामात ४४-४५ च्या दुष्काळात लाखो मेले. चीनमध्ये आठ वर्षं कत्तल चालू होती. सिंगापूरला पकडलेले भारतीय सैनिक न्यू गिनीला नेले, त्यातले फार थोडे परतले. अंदमानात ३० जानेवारी १९४४ ला हंफ्रीगंजला ४४ माणसं हेर ठरवून गोळ्या घालून मारली.

निळी शाई, तुम्ही म्हणता त्या मुलांच्या हातात काही नव्हतं. या लोकांच्या हातात तरी काय होतं? 'थोडं थांबायला हवं होतं' म्हणणाऱ्याने हेही सांगायला हवं, की थांबण्याची किंमत कोण भरणार होतं.

निळी शाई

ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्याकडे याचं झटपट उत्तर नाही आणि देणारही नाही. पुढच्या तासाला हे फळ्यावर लिहिणार आहे.

एकच जोडते. हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियन होते. जपाननेच कामाला ओढून आणलेले. ज्यांची सुटका करायची म्हणून बॉम्ब, त्यांच्यातलेच काही त्या बॉम्बखाली.

पाटीपेन्सिल

बॉम्ब की थांबणं, एवढे दोनच रस्ते होते असं सगळे गृहीत का धरताहेत? तिसरा होता. जुलैमध्ये जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो मॉस्कोतल्या आपल्या राजदूताला, सातोंना, तारा पाठवत होते, की रशियाच्या मध्यस्थीने काही जमतंय का बघा. अमेरिका त्या तारा फोडून वाचत होती. बिनशर्त शरणागती हाच अडसर आहे, हे त्यात लिहिलेलं. स्टिमसन अमेरिकेचे युद्धमंत्री. पॉट्सडॅम जाहीरनामा म्हणजे जपानला शरण या म्हणून दिलेला शेवटचा इशारा. त्याच्या त्यांच्या मसुद्यात जपानला राजघराणं ठेवता येईल असं वाक्य होतं. २६ जुलैला जाहीरनामा निघाला तेव्हा ते वाक्य गळलेलं होतं. आणि शेवटी काय झालं? सम्राट राहिलाच. जे ऑगस्टनंतर चालवून घेतलं, ते जुलैमध्ये बोलून दाखवायला काय हरकत होती?

रानवाटा

पाटीपेन्सिल, तारा अर्ध्याच सांगितल्यात. सातोंनी टोकियोला स्पष्ट विचारलं होतं, की नेमक्या अटी काय ते सांगा. त्यांनी असंही सुचवलं, की राजघराणं राहील एवढ्या एका अटीवर शरण जाऊ या. तोगोंनी तेही नाकारलं. मग ते एक वाक्य जाहीरनाम्यात असतं तर जपान्यांनी सह्या केल्या असत्या, हे कशावरून? लष्करवाल्यांना शिक्षा नको होती, शत्रूचं सैन्य आपल्या भूमीवर नको होतं, शस्त्रं स्वतःच खाली ठेवायची होती.

९ ऑगस्टची बैठक घ्या. हिरोशिमा होऊन तीन दिवस झालेत, नागासाकीची बातमी बैठक चालू असतानाच येते, आणि तरी युद्धाचे निर्णय घेणाऱ्या सहा जणांत तीन विरुद्ध तीन, राजघराण्याच्या एका अटीवर शरण जायचं की आणखी अटी घालायच्या यावर. मध्यरात्रीनंतर सम्राटाने स्वतः तोंड उघडलं तेव्हा कोंडी फुटली. १४ च्या रात्री तरुण अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून सम्राटाच्या भाषणाची तबकडी शोधली, ते प्रक्षेपित होऊ नये म्हणून. अशा लोकांपुढे तुमचं ते एक वाक्य?

दुर्बीण

तीन विरुद्ध तीनचा दाखला उलटाही लागतो ना. दोन शहरं गेल्यावरही निम्मे हलले नाहीत, तर हलवलं कोणी? त्याच पहाटे रशियाने जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात सैन्य घुसवलं होतं. मध्यस्थीची सगळी आशा ज्याच्यावर, तोच शत्रू झाला. टोकियो जळल्यावर ज्यांना फरक पडला नाही, त्यांना शहर जळण्याचं नवं काय वाटणार? मला रशियाचं पारडं जड वाटतं. सम्राटाने १५ ऑगस्टच्या भाषणात शत्रूच्या नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख केला हे खरं. पण हरलेल्या सेनापतींना असा बॉम्ब हे सोयीचं कारण होतं. त्याच्यापुढे हरणं लाजिरवाणं ठरत नाही.

सह्याद्रीपुत्र

भर समुद्रात किंवा ओसाड बेटावर टाकून दाखवता आला असता की. काही शास्त्रज्ञांनी जूनमध्ये तसं लिहूनही दिलं होतं, फ्रँक अहवालात. मग ऐकलं का नाही?

रानवाटा

बॉम्ब हातात दोनच, आणि आधी सांगून टाकलेला फुसका निघाला तर काय, ही भीती. जागा आधी कळवली तर जपानी तिथे युद्धकैदी आणून ठेवतील, हीसुद्धा. पण इथे मी फार ताणणार नाही. हा पर्याय फार लवकर बाजूला सारला असं मलाही वाटतं.

पाटीपेन्सिल

नागासाकीबद्दल कोणी बोलतच नाहीये. रानवाटा, हिरोशिमा तुमच्या बाजूने धरून चालू. तीन दिवसांनी दुसरा कशासाठी?

२५ जुलैचा लेखी आदेश असा होता, की पहिला बॉम्ब ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान पाहून टाका आणि पुढचे तयार होतील तसे टाका. म्हणजे नागासाकीसाठी वेगळा निर्णय कोणी घेतलाच नाही. जपान काय उत्तर देतो हे पाहायला कोणी थांबलं नाही. वाईट हवामान येतंय म्हणून तारीख ११ वरून ९ वर आणली. विमान गेलं होतं कोकुरावर. तिथे धूर आणि ढग होते, तीन घिरट्या घालून ते नागासाकीला वळलं. बॉम्ब पडला उराकामीच्या खोऱ्यात, कॅथलिक वस्तीवर. चर्चमध्ये कबुलीजबाब द्यायला आलेले लोक तिथेच गेले. वर्षअखेरपर्यंत सत्तर हजारांवर मेले. कोकुरावर ढग नसते तर ही माणसं जगली असती आणि कोकुरातली मेली असती. याला निर्णय कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ट्रुमननी हुकूम दिला, की माझ्या परवानगीशिवाय आता एकही टाकायचा नाही. मंत्रिमंडळात ते काय म्हणाले, हे त्यांच्याच एका मंत्र्याने, हेन्री वॉलेसनी, डायरीत लिहून ठेवलंय. आणखी लाखभर लोक पुसून टाकायची कल्पना फार भयंकर आहे, एवढी सगळी मुलं मारायला नको वाटतं.

अनुराधा_इपोह

नागासाकीवर मी तुमच्या बाजूची. लांबलेल्या दिवसांची किंमत कोणीतरी भरत होतं हे माझं म्हणणं कायम आहे, पण तीन दिवस ही काही लांबण नव्हे.

रानवाटा

नागासाकीचं समर्थन मी करत नाही. कधीच केलं नाही. हिरोशिमावर मात्र मागे हटत नाही. दुसरा रस्ता होता म्हणणाऱ्यांना आज तो दिसतो. जुलै ४५ मध्ये ओकिनावाहून रोज मृतांच्या याद्या येऊन झाल्या होत्या, तिथे बसलेल्या माणसाला तो दिसला नाही म्हणून त्याला मी खुनी म्हणणार नाही.

निळी शाई

मी माणसाला नाव ठेवत नाहीये, कृत्याला ठेवतेय. ट्रुमन सैतान नव्हते हे मान्य. म्हणूनच तर भीती वाटते. स्टिमसननी क्योतो यादीतून हट्टाने काढायला लावलं. म्हणजे कुठल्या शहरावर टाकू नये याचा विचार त्यांना करता येत होता. तिथून एक पाऊल पुढे, कुठल्याच शहरावर टाकू नये, एवढंच उरलं होतं. ते पाऊल टाकलं गेलं नाही.

रानवाटा, एक विचारू? आजोबा घरी कधी आले?

रानवाटा

१९४६ मध्ये.

हे लिहावं की नाही, याचा काल रात्री विचार करत होतो. मलायात ते सप्टेंबरमध्ये उतरले, कोणी गोळी झाडली नाही. तिथून त्यांची ४९ वी ब्रिगेड जावाला पाठवली, सुराबायाला. शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रं गोळा करायला आणि कैदी सोडवायला. तिथे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांशी गाठ पडली. ऑक्टोबरअखेरचे तीन दिवस शहरभर विखुरलेल्या तुकड्या एकेक करून वेढल्या गेल्या. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले. मराठ्यांची बरीच माणसं गेली.

आजोबांबरोबर आमच्याच गावचा एक जण होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. सांगशकमधून दोघं जिवंत निघाले. तो सुराबायात राहिला. त्याच्या घरी तोवर युद्ध संपल्याचे पेढे वाटून झाले होते.