मदत हवी आहे: डेंड्रिमरमधून उरलेलं इथिलिनडायअमीन कसं काढू?

सोन्याचे नॅनोकण स्थिर ठेवण्यासाठी पॅमॅम (पॉलिअमिडोअमीन) डेंड्रिमर, म्हणजे गाभ्यापासून थरांथरांनी फांद्या फुटत गेलेला रेणू, बनवतेय. गाभा इथिलिनडायअमीनचा, त्यावर आळीपाळीने मिथाइल ॲक्रिलेट आणि मेथॅनॉलमध्ये भरपूर जादा इथिलिनडायअमीन. दुसऱ्या पिढीपर्यंत (पिढी म्हणजे फांद्यांचा एक थर) छान जमलं. तिसरीत, जिथे पृष्ठभागावर ३२ अमीन गट हवेत, तिथे घोडं अडलंय. टोल्युइन-मेथॅनॉल ९:१ घालून कमी दाबाखाली चार वेळा उडवलं, तरी एनएमआरमध्ये (रेणूंची ओळख पटवणाऱ्या चाचणीत) इथिलिनडायअमीनची खूण दिसतेच. ते उरलं, तर पुढच्या टप्प्यात त्याच्यापासूनच नवे छोटे डेंड्रिमर वाढू लागतील, ही खरी धास्ती. तापमान वाढवायला मन धजत नाही. उलट्या दिशेच्या मायकेल अभिक्रियेने (रेट्रो-मायकेल, म्हणजे जोडलेला भाग पुन्हा सुटणं) फांद्या गळायच्या. मग पडद्यातून छोटे रेणू वेगळे करायला डायलिसिस करू की दाब देऊन गाळायचं अल्ट्राफिल्ट्रेशन? तिसऱ्या पिढीचा रेणुभार जेमतेम ६,९००, तर किती रेणुभारापर्यंतचे रेणू आरपार सोडणारा पडदा घ्यावा? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.