कौन्सिलचा पार्किंग दंड: निम्मे भरून मोकळं व्हायचं की भांडायचं?

ओवी: इंग्लंडमध्ये आपल्या लोकांचं नेहमी पाहते. काचेवर कौन्सिलचं (म्हणजे स्थानिक पालिकेचं) दंडाचं पाकीट दिसलं की रात्रीच्या आत पैसे भरून मोकळे. लंडनबाहेर मोठा दंड ७० पौंड, १४ दिवसांत भरला तर ३५. ‘कुठे नादी लागायचं?’ म्हणून चूक नसतानाही भरतात. मला हे पटत नाही. १४ दिवसांच्या आत हरकत घेतली आणि ती फेटाळली, तरी बहुतेक कौन्सिल निम्म्याची सवलत पुन्हा देतात. मग विचारायला काय हरकत आहे?

मैत्रिणीला परमिटच्या जागेत गाडी लावल्याचा दंड आला. पाटी होती, पण फांदीच्या मागे; ड्रायव्हरच्या सीटवरून नुसती पानं दिसत. तिने सीटवरून, फुटपाथवरून आणि पाटीखालून असे फोटो काढून पाठवले. उत्तर आलं ते छापील. फोटोंबद्दल त्यात एक अक्षर नाही. ती पुढे ट्रिब्युनलला, म्हणजे कौन्सिलबाहेरच्या स्वतंत्र लवादाकडे गेली, तेव्हा सुनावणीआधीच कौन्सिलने दंड मागे घेतला.

चाकवाली: ओवी, दुसरी बाजू सांगते. माझी आई व्हीलचेअरवर आहे. ब्लू बॅजच्या, म्हणजे अपंगांसाठी राखीव जागेत बॅज नसलेली गाडी उभी असते आणि मालक येऊन म्हणतो, ‘दोनच मिनिटं थांबलो होतो.’ दंड झाला की हाच माणूस हरकतीचं पत्र लिहायला बसतो. अशी पत्रं वाचण्यात कौन्सिलच्या माणसांचा वेळ जातो, आणि दंडाची पावती लावणाऱ्याला भर रस्त्यात शिव्या खाव्या लागतात. शिवाय रस्त्यावरच्या पार्किंगमधून उरलेला पैसा कुठे खर्च करायचा, हे १९८४ च्या कायद्याने ठरवून दिलंय. ‘कौन्सिल लुटते’ हे मला मान्य नाही.

ओवी: ब्लू बॅजबद्दल तुझ्याशी वाद नाहीच. पण कौन्सिलचंही चुकतं. परमिटचे दर महसुलासाठी वाढवले म्हणून २०१३ मध्ये हायकोर्टाने लंडनच्या बार्नेट कौन्सिलविरुद्ध निकाल दिला होता. आणि २०१५ पासून पैसे भरलेल्या जागेत वेळ संपल्यावर १० मिनिटांची सूट आहे. सातव्या मिनिटाला पावती लागली तर तीही गुपचूप भरायची?

हिशेबी: दोघींच्या बोलण्यात धोक्याचा भाग राहिला. पहिली हरकत फेटाळल्यावरही अडून राहिलात तर ‘नोटीस टू ओनर’, म्हणजे गाडीच्या मालकाला रीतसर नोटीस येते आणि सवलत जाते. त्यावर २८ दिवसांत रीतसर हरकत घ्यायची, कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर हरकत मान्य झाली असं धरतात. नकार आला तर ट्रिब्युनल, तिथे फी नाही. पण हरलात तर ३५ च्या जागी ७०. नोटिशीकडे दुर्लक्ष केलंत तर १०५, मग नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टात थकबाकीची नोंद आणि शेवटी दारात वसुलीवाला बेलिफ. तासावर राबणाऱ्याने ३५ भरले तर मी त्याला घाबरट म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे, ट्रिब्युनल कायद्यातली कारणं बघतं. मूल आजारी होतं, मीटिंग लांबली, हे खरं असलं तरी तेवढ्यावर दंड रद्द होत नाही. फार तर ‘फेरविचार करा’ असं ते कौन्सिलला सांगतात. सुपरमार्केटच्या आवारातली खासगी कंपनीची नोटीस मात्र वेगळी, कौन्सिलचे हे नियम तिला लागू नाहीत.

ओवी: हिशेब बरोबर आहे. म्हणूनच म्हणते, पुरावा असेल तर पहिली हरकत तरी घ्या. पुढे जायचं की नाही ते उत्तर वाचून ठरवा.

चाकवाली: फांदीआडच्या पाटीसाठी जरूर भांडा, तिथे मीही सही करीन. पण शाळेसमोरच्या पिवळ्या झिगझॅग रेषांवर गाडी लावून मुलाला सोडणाऱ्याला हरकतीचा मजकूर लिहून देऊ नका. त्या रेषांपाशीच पोरं रस्ता ओलांडतात. त्याने पैसे भरावेत, आणि माझ्या मते पूर्ण ७०.