अंबरनाथचं शिवमंदिर आणि बेलापूरचं अर्बन हाट: एका दिवसात जमेल का?

कळवेकर: रविवारी ठाण्याहून निघायचं आहे. सोबत आई, तिचे गुडघे दुखतात. हाटातून, म्हणजे तिथल्या हस्तकला बाजारातून, वारली चित्र आणि सुका जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) घ्यायचा आहे.

शिल्पवेडा: आधी मंदिर, तेही सकाळी लवकर. काळ्या बेसॉल्टवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हातच उठून दिसतं. दुपारी सगळं सपाट वाटतं आणि अनवाणी पाय भाजतात. शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजांच्या काळातला. गाभारा जमिनीखाली आहे, सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. वर शिखर पूर्ण नसल्यानं पाऊस थेट आत येतो, पायऱ्या निसरड्या होतात. आईंना मंडपातच बसवा. खरी मजा बाहेरच्या भिंतींवर आहे. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळाच.

नेरूळकर: अंबरनाथ स्टेशनला पूर्वेला उतरून रिक्षा करा. परत ठाण्याला येऊन पनवेल गाडी पकडा, वाशी गाडी बेलापूरला जात नाही. रविवारी मेगाब्लॉक आधी बघा. हाटात प्रदर्शन चालू आहे ना, तेही विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा.

आगरी_मसाला: जवळा मुठीत दाबून बघा: कुरकुरला तर घ्या, गोळा झाला तर ओल आहे, बुरशी धरेल. घरी कोरडा भाजून, गार करून मगच बरणीत. वारली चित्राच्या रेषा निरखा. हातच्या रेषेची जाडी बदलते, छापील सगळीकडे सारखी. आणि चित्र गुंडाळून आणा, घडी घातलीत तर रंग तडकतो.

कळवेकर: जवळा डब्यात आणू ना? लोकलमध्ये शिव्या नकोत.

आगरी_मसाला: दोन पिशव्या, वर डबा. तरी खिडकीशीच बसा!